नवीन जॉईन झालात? आधी पिवळी पिशवी हलकी करायला शिका

हॉस्पिटलच्या कचऱ्याचं काम नवीन माणसाकडे आलं की पहिल्या दिवशी त्याला भिंतीवरचा चार्ट दाखवतात, पिवळं लाल पांढरं निळं, पाठ कर म्हणतात, आणि झालं ट्रेनिंग. चार्ट चुकीचा नसतो हो, पण बाहेर ओपीडी भरलीये, एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात बोळा, मागून नातेवाईक विचारतोय सिस्टर सलाईन कधी संपणार, अशा वेळी चार्ट बघायला कोणाला फुरसत आहे, हात सवयीने जिकडे जातो तिकडेच वस्तू पडते. म्हणून हे सगळं हाताच्या सवयीच्या हिशोबाने लिहितोय. डोळ्यासमोर तालुक्याच्या गावचं वीस-पंचवीस बेडचं हॉस्पिटल ठेवलंय, मोठ्या हॉस्पिटलात यासाठी वेगळी टीम असते, त्यांचं त्यांना माहीत असतं.

मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. पिवळ्या पिशवीत जे गेलं ते भट्टीत जळणार. लाल, पांढऱ्या आणि निळ्यातलं बरंचसं निर्जंतुक होऊन, तुकडे होऊन पुन्हा प्लास्टिक, धातू, काच म्हणून वापरात येऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की हॉस्पिटलच्या एकूण कचऱ्यातला साधारण ८५ टक्के कचरा तुमच्या-आमच्या घरातल्यासारखाच साधा असतो, धोक्याचा फक्त १५ टक्के. पण रक्ताचा एक बोळा खोक्यांच्या आणि चहाच्या कपांच्या बादलीत पडला की ती सगळी बादली धोक्याची झाली, कारण नंतर हात घालून ते वेगळं करायचं नसतं, कोणीच करायचं नसतं, मावशींनी तर अजिबातच नाही. पर्यावरणपूरक वगैरे मोठे शब्द कॉन्फरन्समध्ये ठीक आहेत, आपल्या लेव्हलला त्याचा अर्थ एवढाच, की पिवळी पिशवी रोज किती हलकी राहते.

आणि ती भट्टी कोणाच्या तरी घराजवळच असते हे पण डोक्यात ठेवा. गोवंडी-देवनारच्या भट्टीवरून तिथले लोक वर्षानुवर्षे धुराच्या तक्रारी करत आले, प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. पीव्हीसीचं प्लास्टिक भट्टीत गेलं की डायऑक्सिन नावाचे विषारी पदार्थ तयार होतात, आणि भट्टी नीट चालवली नाही तर ते चिमणीतून बाहेर. नियमाप्रमाणे भट्टीच्या दुसऱ्या चेंबरमध्ये १०५० अंशाच्या आसपास तापमान ठेवावं लागतं, धूर तिथे किमान दोन सेकंद राहावा लागतो, पण ते सांभाळणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढंच आहे की युरीन बॅग पिवळ्यात टाकायची नाही.

सगळ्यात आधी स्वतःची लस

कचऱ्याला हात लावण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा. हिपॅटायटिस बी चे तीन डोस, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, आणि तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत अँटीबॉडी टायटर करून घ्या, १० च्या वर आलं म्हणजे लस लागली. हे फक्त सिस्टर आणि डॉक्टरांसाठी नाही, पिशव्या उचलणाऱ्या मामा-मावशींसाठी आधी. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, सर्जनची लस झालेली असते आणि जी बाई रोज पिशव्यांना गाठी मारते तिला कोणी विचारलेलंच नसतं, का तर ती कॉन्ट्रॅक्टवर आहे. नियमात कॉन्ट्रॅक्ट आणि पर्मनंट असा फरक नाही, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला लस देणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे, ट्रेनिंग पण, जॉईन होताना एकदा आणि नंतर दरवर्षी किमान एकदा.

ग्लोव्हज पण बघा. पेशंट तपासायचे पातळ ग्लोव्हज घालून पिशव्या उचलायच्या नाहीत, त्यासाठी जाड रबरी लागतात, जोडीला एप्रन, मास्क आणि बंद बूट. चप्पल घालून कचरा खोलीत कोणी दिसलं तर परत पाठवा, वाईटपणा घ्या थोडा.

एक इंजेक्शन, पाच ठिकाणं

चार्ट पाठ करण्यापेक्षा एक इंजेक्शन डोळ्यासमोर आणा. सिरिंजचं पाकीट फाडलं, ते कागद-प्लास्टिकचं पाकीट साधा सुका कचरा, त्याला रक्ताचा संबंध नाही, ते काळ्या किंवा तुमच्याकडे सुक्या कचऱ्याला जो डबा असेल त्यात. ॲम्प्युल फोडलं, औषध ओढलं, काचेचं ॲम्प्युल आणि त्याचं तुटलेलं डोकं दोन्ही निळ्यात. दंड पुसला, इंजेक्शन दिलं, रक्ताचा ठिपका पुसला तो बोळा पिवळ्यात. सुई कटरमध्ये घालून तिथल्या तिथे कापली, ती पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात. राहिली सिरिंजची प्लास्टिकची नळी, ती लाल. एका इंजेक्शनला पाच जागा. हे पाचही डबे ट्रॉलीवर हाताच्या अंतरात असतील तर माणूस बरोबर टाकतो. नसतील तर सगळं किडनी ट्रेमध्ये गोळा होतं, किडनी ट्रे शेवटी एका बादलीत उपडा होतो, आणि ती बादली बहुतेक वेळा पिवळीच असते कारण ती सगळ्यात मोठी असते.

म्हणून नवीन जागी गेलात की पहिलं काम ट्रॉली बघणं. नीडल कटर ट्रॉलीवर आहे का, त्याचं ब्लेड धड आहे का? बोथट कटरने सुई नीट कापली जात नाही, वाकते, मग सिस्टर वैतागून टोपण परत लावतात आणि टोपण लावताना बोटात जाते. सुईला परत टोपण लावायचं नाही ही गोष्ट रोज सांगावी लागली तरी सांगा.

सलाईन काढतानाचा प्रकार पण असाच. कॅन्युला काढला की त्याची प्लास्टिकची नळी लालमध्ये, लावताना निघालेली आतली स्टीलची सुई तेव्हाच पांढऱ्यात गेलेली असली पाहिजे, आयव्ही सेट आणि प्लास्टिकची बाटली लालमध्ये, बोळा आणि रक्त लागलेली टेप पिवळ्यात. आणि सेट कापून टाका, बाटलीला चीर द्या. हे का, तर त्याच्यामागे इतिहास आहे. २००९ मध्ये गुजरातमध्ये मोडासा आणि आजूबाजूच्या भागात हिपॅटायटिस बी ची साथ आली, लोक दगावले, तपासात पुन्हा वापरलेल्या सिरिंज-सुयांचा मुद्दा पुढे आला. वापरलेली वस्तू अखंड बाहेर गेली की कोणीतरी ती धुऊन विकू शकतो, कापलेली वस्तू कोणी विकत घेत नाही. आपल्याकडे तर सलाईनच्या रिकाम्या बाटल्या झाडांना थेंब थेंब पाणी द्यायला मागणारे पण येतात, चांगल्या हेतूने येतात, ओळखीचे असतात, नाही म्हणायला जड जातं. तरी नाही म्हणा.

रंग, आणि कुठे हमखास घोळ होतो

आपल्याकडचा पहिला नियम १९९८ चा, तेव्हा प्रकार दहा होते आणि कोणाला लक्षात राहायचे नाहीत. २८ मार्च २०१६ ला नवीन नियम आले, सगळं चार रंगांत बसवलं, नंतर २०१८ मध्ये दुरुस्त्या झाल्या. आता चालतात ते हेच.

पिवळ्यात: ऑपरेशनमध्ये काढलेले भाग, बाळंतपणातली वार, रक्ताने-पुवाने भरलेलं ड्रेसिंग, गॉज, बोळे, प्लास्टर, शिल्लक रक्त असलेल्या ब्लड बॅग, मुदत संपलेली औषधं, फेकायच्याच झालेल्या रक्ताळलेल्या चादरी-गाद्या. धुऊन वापरता येणारी चादर यात येत नाही हं, ती हायपोत, म्हणजे जंतुनाशक ब्लीचच्या पाण्यात, बुडवून लाँड्रीला. कॅन्सरच्या औषधांचं सगळं वेगळं, त्याच्या पिशवीवर सायटोटॉक्सिकचं लेबल लागतं आणि ते १२०० अंशाच्या वर जाळावं लागतं, केमोथेरपीच्या काचेच्या बाटल्यासुद्धा निळ्यात न जाता इकडेच येतात.

लालमध्ये: दूषित पण रिसायकल होणारं प्लास्टिक आणि रबर. आयव्ही सेट, कॅथेटर, युरीन बॅग, नाकातून पोटात घालायची रायल्स ट्यूब, सुई काढलेल्या सिरिंज, रक्त घ्यायच्या व्हॅक्युटेनर नळ्या, ग्लोव्हज. सगळ्यात जास्त चूक ग्लोव्हजची होते, रक्त लागलंय म्हणून लोक पिवळ्यात टाकतात. रक्त लागलेलं असलं तरी ग्लोव्हज लालच. ग्लोव्हज आणि युरीन बॅग एवढी दोनच नावं स्टाफच्या डोक्यात बसवलीत तरी पिवळी पिशवी बऱ्यापैकी उतरते.

पांढऱ्यात फक्त धातूचं टोकदार, सुया, ब्लेड, स्कालपेल. डबा असा हवा की टोचून आरपार येणार नाही, गळणार नाही आणि एकदा बंद केला की उघडणार नाही. तीन-चतुर्थांश भरला की सील. गळ्यापर्यंत भरून वरून दाबणारा महाभाग प्रत्येक हॉस्पिटलात एक असतोच.

निळ्यात काच, म्हणजे व्हायल, ॲम्प्युल, लॅबच्या काचपट्ट्या, आणि शरीरातून काढलेल्या स्टीलच्या पट्ट्या-स्क्रू. २०१६ मध्ये यासाठी निळी खूण असलेलं पुठ्ठ्याचं खोकं चालायचं, पण पुठ्ठा ओला होऊन खालून फाटतो, २०१८ च्या दुरुस्तीनंतर टोचणार-गळणार नाही असा डबा लागतो. अजून तुमच्याकडे खोकं असेल तर बदलून घ्या.

लॅबवाल्यांनी एक वेगळं लक्षात ठेवायचं, कल्चर प्लेट, रक्ताचे नमुने वगैरे थेट पिशवीत जात नाहीत, आधी तिथेच निर्जंतुक करायचं, मग त्या त्या रंगात.

पारा या चारही रंगांत बसत नाही. जुना थर्मामीटर किंवा पाऱ्याचं बीपी मशीन फुटलं तर झाडू मारायचा नाही, व्हॅक्युम लावायचा नाही, सोन्याचे दागिने काढून ठेवा, खिडक्या उघडा, दोन जाड कागदांनी थेंब एकत्र लोटा, सिरिंजने ओढा आणि पाणी घातलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. तो घातक कचऱ्यात जातो. पिवळ्यात टाकलात तर भट्टीतून वाफ होऊन गावभर. डिजिटल मशीन घ्या आणि विषय संपवा.

बादल्या कुठे आणि कशा

पायाने उघडणाऱ्या, आतल्या पिशवीच्या रंगाच्याच, जैविक धोक्याचं चिन्ह असलेल्या. पिशव्या ५० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाहीत, आणि क्लोरीन असलेल्या प्लास्टिकच्या पण नाहीत. स्वस्त म्हणून मार्केटमधून आणलेली पिवळी पिशवी जिन्यात फाटली की काय होतं ते ज्यांनी पुसलंय त्यांना विचारा.

जिथे कचरा तयार होतो तिथेच बादली, म्हणजे ड्रेसिंग रूम, लेबर रूम, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, इंजेक्शन रूम, लॅब. पेशंटच्या बेडशेजारी किंवा वेटिंगमध्ये पिवळी बादली ठेवायची नाही. नातेवाईकांना ती कचरापेटीच दिसते, त्यात केळीची सालं, वडापावचा कागद, चहाचे कप सगळं येतं, आणि तो वडापावचा कागद मग तुमच्या पैशाने ५० किलोमीटर प्रवास करून भट्टीत जळतो. वेटिंगमध्ये ओला आणि सुका असे दोनच डबे, मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेले, त्यावर चित्र असेल तर उत्तम. जेवणाचं उरलेलं, भाज्यांचे देठ याचं खत मागच्या आवारात होतं, खोकी आणि पेपर भंगारवाला नेतो, त्यात सुई किंवा बोळा गेला नाही याची खात्री असेल तरच. ते पुढे वेचणाऱ्या बायकांच्या हातात जातं. पुण्यात 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचकांनी घरातले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा असं सांगत मोहीम चालवली ती यासाठीच, उघड्या हाताला काय लागणार ते आधी कळावं म्हणून.

याच नादात घरी इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटला डिस्चार्जच्या वेळी सांगा, सुया जाड प्लास्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत साठवा, घंटागाडीत सुट्या टाकू नका. अर्धा मिनिट लागतो सांगायला.

हायपो नावाचं प्रकरण

सोडियम हायपोक्लोराइट, सगळे हायपोच म्हणतात. यात दोन टोकं दिसतात, एक तर कोणी वापरतच नाही, नाही तर सगळ्यावर ओततात. सकाळचं द्रावण सकाळी बनवा, दुसऱ्या दिवशी ते नुसतं वासाचं पाणी असतं, उजेडात आणि उघड्यावर त्यातलं क्लोरीन उडून जातं. कॅनवरचा टक्का वाचा. ५ टक्क्यांचा कॅन असेल तर १ टक्का करायला एक मग हायपो आणि चार मग पाणी, १० टक्क्यांचा असेल तर एकाला नऊ. कॅन महिनोन्महिने गच्चीवर उन्हात पडला असेल तर वरचा टक्का खरा धरू नका.

जमिनीवर रक्त सांडलं तर आधी कागद किंवा कापड टाकून टिपायचं, मग १ टक्का हायपो ओतून निदान दहा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. टिपलेला कागद पिवळ्यात.

दोन गोष्टी नाही म्हणजे नाही. हायपो आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र नको, क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो, आणि साफसफाईच्या लोकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं म्हणून दोन्ही एका बादलीत ओतलं जातं. दुसरं, पिवळ्या पिशवीतल्या कचऱ्यावर हायपो शिंपडायचा नाही. वास येतो म्हणून शिंपडतात, पण भट्टीत जायच्या मालावर क्लोरीन टाकणं म्हणजे डायऑक्सिनला कच्चा माल पुरवणं, आणि नियमानेही जाळायच्या कचऱ्यावर आधी केमिकल टाकायला बंदी आहे, अपवाद लॅबच्या आणि अतिसंसर्गजन्य कचऱ्याचा.

पाण्याचं पण बघा. सक्शनच्या बाटलीतलं, लॅबच्या मशीनमधून निघणारं, ड्रेसिंग रूमच्या बेसिनचं पाणी निर्जंतुक न करता गटारात सोडायचं नाही. दहा बेडपेक्षा छोट्या हॉस्पिटललासुद्धा सांडपाण्याचे निकष ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत पाळायला लावले होते, त्यामुळे आम्ही छोटे आहोत हे आता चालत नाही. मात्र जैविक ट्रीटमेंट प्लांट असेल तर त्यात हायपोचा मारा करू नका, पाणी साफ करणारे जीवाणूच मरतील आणि मग प्लांट वास मारतो म्हणून मेकॅनिक बोलवाल.

सुई टोचली तर

वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, त्यावर स्पिरिट किंवा हायपो ओतू नका. लगेच इन्चार्जला सांगा. कोणत्या पेशंटची सुई ते माहीत असेल तर त्याची तपासणी, आणि एचआयव्हीची शंका असेल तर औषधं शक्यतो दोन तासांत सुरू, ७२ तासांनंतर फायदा राहत नाही, कोर्स २८ दिवसांचा. त्यासाठी जवळचं एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात ती जागा, कुठे आहे, रात्री कोणाला फोन करायचा, हे आजच लिहून नर्सिंग स्टेशनला चिकटवा, टोचल्यावर शोधायला बसू नका.

आकडे घाबरवायला नाही, पण माहीत असावेत. पेशंटला आजार असेल आणि तुम्हाला त्याची सुई टोचली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने हिपॅटायटिस बी चा धोका ३० टक्क्यांपर्यंत, तोही लस नसलेल्याला, हिपॅटायटिस सी चा १.८ आणि एचआयव्हीचा ०.३ टक्के. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि ज्याला लस आहे तोच आजार शंभरपट सहज लागतो. लसीचं वर सांगितलं ते याच्यासाठी.

आणि टोचलं म्हणून ओरडू नका हो कोणावर. ओरडलं की पुढची मावशी सांगणारच नाही, पदर गुंडाळून काम करत राहील.

कचरा खोली आणि गाडी

वेगळी खोली, हवा खेळती, कुलूप, फरशी धुता येईल अशी, कुत्री-मांजरं-उंदीर आत येणार नाहीत अशी. प्रत्येक पिशवीला बारकोड, त्यावर तारीख आणि कुठल्या वॉर्डची ते. पिशवीचं तोंड गाठ मारून किंवा टायने बंद, स्टेपलर नको. वजन रोज रंगाप्रमाणे लिहायचं. पिवळा मानवी अवयवांचा आणि रक्ताळलेला कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही, दिवाळीत गाडी दोन दिवस येणार नसेल तर आधीच बोलून ठेवा.

७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र, म्हणजे अनेक हॉस्पिटलांचा कचरा एकत्र घेणारं केंद्र, असेल तर हॉस्पिटलने स्वतःची भट्टी लावायची नाही, मागच्या आवारात जाळणं तर लांबच. अगदी दुर्गम भागात, जिथे अशी सोय पोचत नाही, तिथे परवानगी घेऊन खोल पुरणीचा खड्डा चालतो, दोन मीटर खोल, अर्धा भरला की वर चुना, मग माती, विहिरीपासून लांब आणि कुंपण घालून. सोय असताना खड्डा करणं म्हणजे शुद्ध कंजुषी.

गाडीवाल्याशी चांगले संबंध ठेवा. तो रोज पंचवीस हॉस्पिटलं बघतो, कोणाचं सेग्रीगेशन चांगलं ते त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं, आणि मिसळलेली पिशवी त्याने घेतली नाही तर चिडू नका, केंद्रावर वेगळं न केलेला कचरा आला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवणं हे त्या केंद्राचं कामच आहे. भट्टीतली राख पण कुठेतरी जाते, महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचरा पुरायच्या जागा आहेत, आणि त्या काही दरवर्षी वाढत नाहीत.

कमी कसा करायचा

आता खरं काम. एक आठवडा रोज प्रत्येक वॉर्डची पिवळी पिशवी वेगळी तोला, कागदावर लिहा, सगळ्यांना दिसेल असं लावा. कोणाला दोष द्यायचा नाही, फक्त आकडे. एखाद्या वॉर्डची पिशवी बेडच्या मानाने जड निघतेच, तिथे जाऊन उभं राहायचं आणि काय पडतंय ते बघायचं. बहुतेक ठिकाणी सापडतं ते हेच: पाकिटं, ग्लोव्हज, जेवणाचं आणि पेपर टॉवेल.

मग ओटीत डिस्पोजेबल गाऊन-ड्रेप ऐवजी चांगल्या कापडाचे, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करून वापरायचे. किडनी ट्रे स्टीलचे. किट फोडताना लागेल तेवढंच फोडायचं, दहा पाकिटं उघडून चार वापरायची सवय सीनियर लोकांनाच जास्त असते. बीपी बघायला, पेशंटची फाईल धरायला ग्लोव्हज लागत नाहीत, हात धुवायला लागतात.

औषधांच्या स्टोअरमध्ये जुना माल पुढे, नवीन मागे. मुदत संपायला तीन महिने उरलेत अशांची यादी दर महिन्याला, डिस्ट्रिब्युटरकडे वेळेत परत. अँटिबायोटिक बेसिनमध्ये ओतायची नाहीत, जंतूंना औषध पचवायचं घरपोच ट्रेनिंग मिळतं.

आणि शेवटी सलाईन. खेड्यातून आलेला पेशंट म्हणतो डॉक्टर एक सलाईन लावा, ताकद येते. नाही लावलं तर बाजूच्या दवाखान्यात जाईल या भीतीने लावली जाते. आता मोजा, एका अनावश्यक सलाईनमागे बाटली, सेट, कॅन्युला, त्याची सुई, टेप, बोळे, ग्लोव्हजची जोडी, पाकिटं, वर एखादं मल्टीव्हिटॅमिनचं ॲम्प्युल टाकलं तर काच आणि अजून एक सिरिंज. चारही रंग भरले. ज्याला तोंडाने पिता येतंय त्याला ओआरएस आणि गोळ्या पुरतात, आणि ओआरएसच्या पाकिटाला बारकोड लागत नाही. नवीन स्टाफने डॉक्टरला हे कसं सांगायचं, तर सांगायचं नाही, महिन्याच्या मीटिंगमध्ये किती सलाईन लागल्या आणि किती किलो कचरा गेला हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून समोर ठेवायचे. डॉक्टर लोकांना आकडे वाचता येतात.

केंद्राचं बिल बेडच्या संख्येवर असेल तर पिशवी हलकी करून पैसे लगेच वाचत नाहीत, हे मालक विचारणारच. पण पिशव्या कमी लागतात, ग्लोव्हज-किट कमी लागतात, आणि करार नव्याने करताना वर्षभराचं वजन हातात असतं.

कागदपत्रं पटकन

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑथरायझेशन, बेड असतील तर त्याची मुदत बघून वेळेत रिन्यू, बेड नसलेल्या क्लिनिकला एकदाच घ्यावं लागतं. वार्षिक अहवाल फॉर्म ४ मध्ये दरवर्षी ३० जूनच्या आत, मागच्या जानेवारी ते डिसेंबरचा. मोठा अपघात झाला तर फॉर्म १, सुई टोचण्यासारख्या छोट्या अपघातांची माहिती वार्षिक अहवालात. रेकॉर्ड पाच वर्षं ठेवायचं. ३० आणि त्याहून जास्त बेड असतील तर कमिटी, तिची सहा महिन्यांतून एक मीटिंग आणि मिनिट्स, त्याहून कमी असतील तर एक जबाबदार माणूस नेमायचा, आणि तुम्ही हे इथवर वाचलंय म्हणजे तो बहुतेक तुम्हीच असणार. रजिस्टर रोज भरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात वर्षाचे आकडे अंदाजाने लिहायला बसू नका, बारकोडमुळे केंद्राकडे तुमचं खरं वजन आहे आणि दोन्ही जुळले नाहीत तर प्रश्न तुम्हालाच विचारतील.